मालन गेली

फ्लूने माणसं फार मरत नव्हती, हीच खरी पंचाईत होती. पटापट मरणारा रोग असता तर कोणीतरी वरून हललं असतं, चार माणसं जास्त दिली असती. हा नुसता सगळ्यांना एकदम आडवं करी. सिंगापूरकडून बोटीतून उतरला म्हणे, आणि सत्तावन्नचा जून उजाडेपर्यंत लालबागच्या चाळींत कण्हणारं माणूस नाही असं बिऱ्हाड उरलं नव्हतं. मिलची खाती अर्धी ओस पडली, ट्रामचे कंडक्टर झोपले. आणि मग या सगळ्यांना उचलून आणणारी माणसंही झोपली.

परळच्या त्या इस्पितळात अँब्युलन्सवर चार ड्रायव्हर होते. त्यातले तिघे तापाने घरी होते. उरला दौलत परब, मूळचा सावंतवाडीकडचा, राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. तो अजून कसा उभा आहे याचं सगळ्यांना नवल वाटे. त्याला स्वतःला नवल वाटायलाही वेळ नव्हता. दोन कॉलांच्या मधे गाडीतच मान टाकायची, हाक आली की उठायचं, असं त्याचं किती दिवस चाललं होतं ते त्याने मोजणं सोडून दिलं होतं.

त्याला हाक मारायचं काम कॅज्युअल्टीच्या सिस्टरचं. लीला धैर्यवान तिचं नाव. गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातली बाई, बापजादे सगळे हायकोर्टात आणि सेक्रेटरिएटमध्ये खुर्चीत बसलेले. ही नर्स झाली तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडली, आणि मग तिचं लग्न जमेना तेव्हा आम्ही म्हणालोच होतो असंही म्हणून घेतलं. आडनाव धैर्यवान आणि झुरळ दिसलं की टेबलावर चढते, असं वॉर्डबॉय मागून हसत. पण मोर्च्यांवर गोळीबार झाला त्या दिवसांत हीच बाई रक्ताने भरलेल्या लुगड्यानिशी दोन दिवस उभी होती, हेही तेच सांगत. तोंडाने फटकळ. दौलतवर तर दिवसातून एकदा तरी ओरडल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

गोळीबार परवडला, असं ती आता म्हणे. गोळीबार केव्हातरी थांबतो.

तीन दिवसांपूर्वी दौलत तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. त्याच्या बायकोला, मालनला, ताप भरला होता आणि तिला सातवा महिना होता. एक दिवसाची रजा हवी होती.

"रजा झालीच पाहिजे!" मागून स्ट्रेचर धरणारा रामू ओरडला. त्या वर्षी भिंतीभिंतीवर लिहिलेल्या समितीच्या घोषणेची ही वॉर्डबॉयांनी केलेली नक्कल होती. एरवी सिस्टरही हसली असती.

"तू गेलास तर गाडी कोण चालवेल? हा रामू?" ती म्हणाली. "उद्या बघू."

उद्या काही बघणं झालं नाही. परवाही नाही. दौलतने पुन्हा विचारलं नाही, आणि घरचं एक अक्षरही तिच्यापाशी काढलं नाही. तो कॉलचा कागद हातातून घेई आणि चालू लागे. त्याला राग आला होता हे तिला कळत होतं, आणि पोटुशी बाई तापात किती झरझर खाली जाते हेही तिला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. पोलीस लाइनीतली एक बाई परवाच तिच्या डोळ्यांदेखत गेली होती.

त्या दिवशी जेवणाच्या सुमारास फोन वाजला. खरखर फार होती.

"दौलत परब हाय काय थंय?"

"कॉलवर गेलाय. कोण बोलतंय?"

"मी बाबुराव, नायगावातून. त्याचा शेजारी. त्याका निरोप द्या, मालन गेली म्हणून."

सिस्टरने टेबलाची कड धरली. "कधी?"

"सकाळीच. दौलतसाठी थांबूक जमला नाय, उशीर झालो असतो. आमी चाळीतली चार माणसा होतो सोबत. बायकांनी हिरवा लुगडा नेसवला, ओटी भरली, सगळा नीट केला. त्याका सांगा, काय काळजी करू नको."

"त्रास... फार त्रास झाला का तिला?"

"रडली थोडी. दौलतचा नाव काढल्यान," बाबुराव म्हणाला, आणि खरखरीत फोन तुटला.

सवाष्णीला हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, चार माणसं नेतात. यापुढे विचारण्यासारखं काय उरतं? लीला सिस्टरच्या आईलाही तसंच नेलं होतं, आणि त्यानंतर कोणी "आई गेली" म्हटलं की कुठे, असं तिने कधी विचारलं नव्हतं.

ती फोनपाशी बसून राहिली. आयाबाई कमलाबाई फरशी पुसता पुसता थांबली. "काय झालं, सिस्टर?"

सिस्टरने सांगितलं. कमलाबाईने फडकं बादलीत टाकलं आणि कपाळावर हात मारला.

"आला की सांगा त्याला लगेच."

"सांगितलं तर जाईल."

"जाईलच की! नाही जाणार तर काय करील?"

"मग गाडी?"

कमलाबाईने बादलीतून फडकं पुन्हा बाहेर काढलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. लालबागची चाळ, सात-आठ वर्षांची मुलगी, श्वास घेताना छाती आत जातेय, ओठ काळेनिळे. आणि बाहेर दौलतची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

सिस्टर कागद घेऊन बाहेर गेली. दौलत उतरायच्या बेतात होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. ती म्हणाली, "दौलत," आणि पुढचं वाक्य तिच्या घशापर्यंत आलं. त्याच्या मागे रामू मान बाहेर काढून बघत होता.

"लालबाग," ती म्हणाली. "लवकर जा. मुलगी आहे."

गाडी गेली. आल्यावर सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. तसंही नेलं आहेच तिला सकाळी, आता घाई कसली, असंही एक वाक्य तिच्या मनात आलं आणि त्याची तिला किळस वाटली.

मुलगी आली तेव्हा काळीनिळी पडली होती. सिस्टरने ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं, आणि हळूहळू ओठांना रंग आला. अर्धा तास उशीर झाला असता तर आटोपलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून सिस्टरला बरं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं, आणि कॅज्युअल्टीत रडायला जागा नसल्यामुळे ती कपाटातल्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिली.

दौलत दारात टेकून उभा होता. तिने आपला चहा त्याच्यासमोर ठेवला.

"मला?" दौलत म्हणाला.

"घे. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

त्याने रामूकडे पाहिलं, रामूने त्याच्याकडे. सिस्टरने घरून आलेला डबाही उघडला. कोलंबीचं भुजणं होतं, वास दारापर्यंत गेला. दौलत हात पुसत पुढे आला, बोटं डब्यात घालणार तोच तिला एकदम आठवलं. सुतक. ज्याची बायको सकाळी गेली त्याला ती कोलंबी वाढत होती. तिने डबा खस्सकन ओढून घेतला.

"नको. हे नको खाऊस. पाव खा."

"दिलेला परत घेतात काय, सिस्टर?"

"आंबलंय," ती म्हणाली.

"वास तर झकास येतोय." दौलत पाव चावत बाहेर गेला. "आज ओरडत नाय, चहा देतात, मासा दाखवून काढून घेतात," तो रामूला सांगत होता. "फ्लू डोक्यात चढलो काय बाईंच्या?"

कमलाबाई कोपऱ्यातून नुसती बघत होती. त्या बघण्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग माहीमच्या खाडीवरचा एक म्हातारा कोळी आला. मग रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके हलवताना चक्कर येऊन पडलेला खलाशी. दर वेळी सिस्टर कागद हातात घेऊन बाहेर जाई, दर वेळी आता सांगायचं असं ठरवून जाई, आणि दर वेळी पत्ता सांगून परत येई. एकदा तर तिने मनातल्या मनात देवाला सांगितलं, की आज दुसरा फोन नको, मला याला घरी पाठवू दे. लगेच फोन वाजला. देवाचाही स्टाफ बहुतेक आजारी असावा.

दुपार कलली तशी तिला एकच भीती वाटू लागली. दुसऱ्या कोणी सांगितलं तर? नायगावातला कोणी पेशंट आला आणि त्याने बाहेरच दौलतला गाठलं तर? तेव्हा दौलत आपल्याकडे कसा बघेल ते तिला आत्ताच दिसत होतं. तिने नायगावचा एक कॉल दुसऱ्या इस्पितळाकडे ढकलला, तिथली गाडी तासाभराने निघेल हे ठाऊक असूनही.

दिवेलागणीला जगदीश आला. चौघांतला दुसरा ड्रायव्हर, अंथरुणातून नुकताच उठलेला, चेहऱ्यावर हळद माखल्यासारखा. भिंतीला धरून चालत होता, पण म्हणाला, "चालवीन. हळू चालवीन."

दौलत आणि रामू आत आले. सिस्टर उठून उभी राहिली.

"दौलत, बस."

"बसलो तर उठायचा नाय, सिस्टर. काय ते उभ्यानेच सांगा."

"बस रे बाबा." तिचा आवाज फुटला. "दौलत, मालन गेली."

तो बाकावर टेकला. तिला वाटलं, पाय गेले त्याचे. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल झालं. त्याने डोळे मिटून लांब श्वास सोडला.

"गेली? बाबुरावाचा फोन इलो होतो? बरा झाला. सुटलो."

कमलाबाई हळूच म्हणाली, "डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या."

"कसला परिणाम? कोल्हापूरच्या गाडीत बसवली काय नीट? तिथून तिचो भाऊस घेऊन जातलो एष्टीने." त्याने डोळे उघडले. "ताप परवाच उतरलो तिचो. म्हटलं इथे चाळीत सगळी आजारी, परत धरायच्या आधी माहेरी जा बाळंतपणाक. नायगावच्या कॉलाक गेलो तेव्हा बाबुरावाला सांगून ठेवलेलं, बसवली की फोन कर."

"पण तो म्हणाला, गेली," सिस्टर म्हणाली. "हिरवं लुगडं, ओटी..."

"मग? सातव्या महिन्यात माहेरी जाते बाई, ओटी भरल्याशिवाय धाडतात काय?"

"चार माणसं म्हणाला!"

"ट्रंक कोण उचलणार?" दौलत म्हणाला. "सिस्टर, आमच्यात गेली म्हणजे गावाक गेली. आमका दुसरीकडे जायचा आसा खंय? आणि मेली असती तर बाबुराव फोनावर सांगता होय? मेल्याचा निरोप माणूस घेऊन येतो. धावत इलो असतो तो इथे."

रामू खो खो हसत सुटला. "म्हणून कोलंबी काढून घेतलान! सुतक पाळायला लावलान तुला!" कमलाबाईही पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. सिस्टर खुर्चीत बसली. जिवंत आहे. मालन जिवंत आहे, खिडकीशी बसून पुण्याच्या पुढे कुठेतरी चालली आहे. तिलाही हसू येऊ लागलं.

दौलतही हसत होता. हसता हसता तो थांबला.

"फोन कधी आला?"

रामूचं हसू मागे राहिलं होतं, तेही बंद पडलं.

"दुपारी," सिस्टर म्हणाली.

"लालबागच्या आधी?"

"आधी."

दौलतने ते नीट डोक्यात बसू दिलं. दमलेल्या माणसाला गोष्टी हळू कळतात, पण कळतात.

"म्हणजे माझी बायको मेली असं तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्ही मला लालबागला पाठवलं. मग माहीमला. मग रे रोडला."

"पाठवलं," ती म्हणाली. खोटं बोलायचीही शक्ती नव्हती आणि इच्छाही नव्हती. "दुसरा ड्रायव्हर नव्हता. ती मुलगी मेली असती, दौलत."

"मेली असती," तो म्हणाला. "खरं आहे."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडावं असंही वाटलं. गाडीची चावी टेबलावर फेकून जाईल, वर तक्रार करील, चाळीत सांगेल, समितीच्या सभेत सांगेल. त्याने यातलं काही केलं नाही. चावी जगदीशच्या हातात दिली आणि त्याचा तापलेला हात बघून परत काढून घेतली.

"तुझ्याच्याने व्हायचं नाय. तू आज झोप."

"दौलत, तू घरी जा आता," सिस्टर म्हणाली. "मी लिहून देते. दोन दिवस येऊ नकोस."

"घरी कोण आहे?" तो म्हणाला. "घर रिकामं आहे."

तो दारापर्यंत गेला, तिथे थांबला. वळला नाही.

"दोन्ही ऐकून मी लालबागला गेलो असतो की घरी धावलो असतो, माझं मला ठाऊक नाय. आता कळायचंही नाय कधी. ते तुम्ही ठरवून टाकलंत."

"चुकलं माझं."

"चुकलं का बरोबर होतं, ते तुमचं तुम्ही बघा. मी गाडीत झोपतो. कॉल आला तर उठवा." त्याने दाराची चौकट धरली होती. "आणि घरून काही कळलं, तरी उठवा. आधी ते सांगा. मग पत्ता सांगा."

"सांगीन," लीला सिस्टर म्हणाली.

तो गाडीत गेला आणि पेशंटच्याच स्ट्रेचरवर आडवा झाला.