अडुळशाला न्योता

ललितानं काचेची बशी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कोरी राहायला हवी होती तीच बशी हिरव्या बुरशीनं माजली होती. मधोमध हळदीचे तांदूळ.

अंगणातल्या अडुळशाचं पान तिनं स्पिरिटात धुऊन घेतलं होतं. या बशीतल्या बटाट्याच्या खळीवर ते नुसतं टेकवून उचललं आणि मग त्याचा तुकडा कापून दुसऱ्या बशीत ठेवला. ही कोरी राहिली असती, तर त्या दुसरीत उगवलेले पांढरे धागे बाहेरच्या धुळीचे नव्हेत, पानाच्या आतले, असं म्हणता आलं असतं. धाग्यांवर बीजाणू धरले की दुर्गच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली त्या बुरशीचं नाव शोधायचं होतं. आता नाव सापडलं तरी ती आतली की बाहेरची, कोण सांगणार?

राग यायला हवा होता. आला नाही. नवरा, हिरालाल, तापानं गेला तेव्हापासून काहीच येत नव्हतं. भूक नाही, झोप नाही, रडूसुद्धा नाही.

उद्या कारखान्याचं हे क्वार्टर सोडायचं. दीनानाथदादा तिला रायपूरला माहेरी नेणार, सासूबाई तुमसरला पुतण्याकडे जाणार. पुरुषांनी ठरवलं, दोघींनी मान हलवली. कॉलेजजवळ एक खोली मिळत होती, पण ती गोष्ट दोघींपैकी कुणीच काढली नव्हती. माहेरचं माणूस न्यायला आलं तर सासूनं अडवू नये, अशी रीत.

"आई, ह्यात तांदूळ तुम्ही टाकलेत?"

गयाबाई दारात बसून पोत्यात भांडी भरत होत्या.

"मीच टाकले. कावून, बिघडलं का वं?"

"बिघडलं."

"घ्या! मले का मालूम? औषधाचं झाड नेयाचं तं पैले त्याले न्योता देवा लागते. हळदीचे तांदूळ ठेवाचे न म्हनाचं, उद्या आमच्यासंगं चाल. बिनबोलावता नेलं तं गुन देत नाई थे." त्यांनी एक पातेलं पोत्यात सरकवलं. "पानाच्या बशीत नाई टाकले मी. म्हनलं, पानाले अडचन होईन. बाजूची रिकामीच होती."

ललितानं बशीवर झाकण ठेवलं.

"त्या पानात बुरशी हाये म्हन्ते तू. मंग झाड बीमार हाये का?"

"नाही. धडधाकट आहे. ती आतच राहते, वरून दिसत नाही."

"आन झाड राहू देते?"

"देतं."

"सुनेवानीच झाली मंग," गयाबाई हसता हसता बोलून गेल्या. पोत्याचं तोंड त्यांनी उगाच दोनदा आवळलं.

भट्टीकडून आलेली तांबडी धूळ अडुळशाच्या पानांवर बसली होती. रोज ओल्या फडक्यानं ती पानं पुसणाऱ्या गयाबाई आज तिकडे गेल्या नव्हत्या.

वळकटी बांधायला ललिता आत गेली. तिनं उशी उचलली.

उशीखाली हळदीचे तांदूळ होते. हळद अजून ओलसर होती.

ती खाली बसली. बाहेर भांडी जरा जास्तच वाजत होती.

"भाऊ कोनत्या गाडीनं येते वं तुवा?"

ललितानं एकेक दाणा वेचला, पदराच्या टोकाला गाठ मारली. गाठीचा पिवळा डाग बोटाला लागला. त्या बोटाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"आई," तिनं आतूनच हाक मारली, "कुदळ कुठं ठेवलीत? त्या खोलीला अंगण आहे."

भांड्यांचा आवाज थांबला.