तिसऱ्या खंडाचा थोरला भाऊ

मित्रांनो, मी एक जुना पहिला खंड आहे. 'सातधुनी' नावाच्या जादूगारांच्या तीनखंडी कादंबरीतला थोरला. माझी पाठ चिकटपट्टीने सांधलेली आहे, कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि मधल्या एका पानावर शेंगदाण्याचं टरफल कायमचं चिकटलं आहे. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. लाज वाटते ती आमच्या धाकट्याची, तिसऱ्या खंडाची. आत्मवृत्तात घरच्यांची उणीदुणी काढू नयेत म्हणतात. मी काढणार आहे.

माझा जन्म जळगावच्या एका छापखान्यात झाला. माझा लेखक हेमराज तेव्हा एरंडोलला शिकवणीचे वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात मला लिहायचा. माझ्यात सातपुड्याच्या सात धुन्यांवर बसणारे सात जादूगार आहेत आणि त्यांच्या जादूला एक कडक नियम आहे. मंत्र म्हटला की जादूगाराची एक आठवण कायमची जाते. जादू फुकट नाही! माझ्या शेवटच्या पानावर वेणू नावाची पोरगी गाव वाचवण्यासाठी मंत्र म्हणते आणि आपल्या आईचा चेहरा विसरते. आई समोर उभी असते आणि वेणू विचारते, "तुम्ही कोणाकडे आलात?" या ओळीवर किती डोळ्यांतलं पाणी पडलं ते माझ्या शेवटच्या पानाला हात लावलात की कळेल. कागद तिथे सुरकुतला आहे.

एरंडोलच्या वाचनालयात मी नांदायला आलो आणि खरोखर सुखात नांदलो. ग्रंथपाल ज्योत्स्नाताई मला कपाटात ठेवण्याऐवजी टेबलावरच ठेवत, कारण परत आलो की लगेच कोणीतरी मला मागत असे. जीवराम आबा मला शेतात नेत. आबांची केळीची बाग आहे. पाण्याची पाळी चालू असली की ते बांधावर बसून, ओळीखाली बोट धरून, मोठ्याने वाचत. टरफल त्यांचंच.

मग मधला, म्हणजे दुसरा खंड आला. तो गुणाचा. त्याच्यात कौतिक नावाडी आहे. भर पुरात तो वेणूला नदीपार नेतो आणि परत येताना त्याची होडी मधल्या खडकाला अडकते. वेणू काठावरून ओरडते, "काका, मी माणसं घेऊन येते!" कौतिक म्हणतो, "जाय तू. मी धरी ऱ्हास." तो होडी धरून राहतो आणि इथेच दुसरा खंड संपतो. आबांनी हे वाचलं आणि दोन घास कमी जेवले.

तिसऱ्याची वाट बघण्यात आठ वर्षं गेली. दरम्यान हेमराज पुण्याला गेला, मोठा झाला, त्याची भाषणं होऊ लागली. इकडे एरंडोलात मला वाचायचा राहिलेला माणूसच उरला नाही. टेबलावरून मी कपाटात गेलो, कपाटातून वरच्या फळीवर. बंद पुस्तकाला काय वाटतं ते बंद खोलीतल्या माणसाला विचारा. मला पुन्हा कोणीतरी उघडायला हवं होतं, एवढंच माझं मागणं होतं.

आणि एक दिवस ते होण्याची वेळ आली. साक्रीकडच्या एका डोंगरगावातल्या शिक्षिका, सुनिताबाई, वाचनालयात आल्या. शाळेत पुस्तकांचं कपाट करायचं होतं. "एखादी लांबलचक गोष्ट द्या, पोरं महिनाभर गुंतून राहतील अशी," त्या म्हणाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष योगराजभाऊ लगेच म्हणाले, "सातधुनीचे तिन्ही खंड घेऊन जा! तिसरा आत्ताच आलाय. जरा ज्योत्स्नाताईंचं परीक्षण होऊ द्या, मग ठरवू."

म्हणजे माझं साक्रीला जाणं धाकट्याच्या गुणांवर अडकलं.

आता त्या धाकट्याचं ध्यान ऐका. आला तोच सोनेरी अक्षरं मिरवत. जाडी आम्हा दोघांच्या बेरजेइतकी, आत तीन नकाशे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! अर्ध्या पानांत नुसत्या लढाया. कोण कोणाला मारतो ते मारणाऱ्यालाही माहीत नसावं. सातांपैकी दोन जादूगारांची नावं मध्येच बदलतात. आणि शेवटी आभाळातून एक मणी पडतो आणि सगळ्यांच्या सगळ्या आठवणी परत! वेणूला आईचा चेहरा आठवतो, फुकटात. माझ्या सुरकुतलेल्या पानाची यापेक्षा मोठी थट्टा काय असेल? ज्योत्स्नाताईंनी हे वाचलं तेव्हा धाकट्याला त्यांनी टेबलावर असं आपटलं की शाईचं पॅड उलटलं.

तरी, मित्रांनो, त्यांनी त्याला चांगलं म्हणावं असं मला वाटत होतं. खोटं का होईना. तो नापास झाला तर त्याच्यासोबत मीही वरच्या फळीवर कुजणार होतो. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यात योगराजभाऊंनी घोळ घातला. परीक्षण ठेवलं जीवराम आबांच्या शेतात, भरीत पार्टीला, आणि पाहुणा म्हणून बोलावलं खुद्द हेमराजला. आपल्या खान्देशात शेतात जेवायला आलेल्या माणसाला कोणी वाकडा शब्द बोलत नाही. ज्याची हजेरी घ्यायची त्यालाच आग्रहाने वाढायचं, अशी पंचाईत झाली.

कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, केळीच्या पानांवर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या पडल्या. आम्ही तिघे सतरंजीवर ज्योत्स्नाताईंच्या पिशवीजवळ होतो. जो तो हेमराजला म्हणे, "भाऊ, तिसरा लई भारी!" सुनिताबाई हे ऐकत होत्या आणि माझा जीव भांड्यात पडत होता. ज्योत्स्नाताई उठल्या, कागद उघडला, हेमराजच्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खंडाचा आवाका मोठा आहे." पुढे त्या नुसता कागद उलटसुलट करू लागल्या.

तेवढ्यात जीवराम आबांनी हेमराजच्या पानावर आणखी भरीत वाढलं आणि साधेपणाने विचारलं, "हेमराज भाऊ, तो कौतिक नावाडी कोठे शे?"

हेमराज हसला. "कोणता नावाडी, आबा?"

आबांचा हात तसाच राहिला. "पुरमा होडी धरीसन बसेल व्हता ना तो. आठ साल व्हयनात, मी त्यानी वाट दखी ऱ्हायनू. बठ्ठं तिसरं पुस्तक धुंडं. त्यानं नाव बी नही."

हेमराज आठवू लागला. त्याच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं की त्याला आठवत नाही. सतरंजीवरच्या प्रत्येक एरंडोलकराला तो नावाडी ठाऊक होता. फक्त त्याच्या बापाला नव्हता. मला एवढा राग आला की पाय असते तर मी उठून चालू लागलो असतो.

ज्योत्स्नाताईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला. "हेमराजभाऊ, आमच्या भरताची आण, खरं बोलते. हा खंड वाईट आहे. जादू फुकट नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलं आणि शेवटी तुम्हीच फुकट वाटलीत. आम्ही वेणूसाठी रडलो, ते रडणं तुम्ही खोटं ठरवलंत. आणि एक माणूस पुरात सोडून तुम्ही पुण्याला निघून गेलात."

"लोकांना शेवट गोड लागतो, ताई," हेमराज म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "परीक्षण करणं सोपं असतं."

"वाट बघणं सोपं नव्हतं," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

झालं! माझं साक्री बुडालं, असं मी धरूनच चाललो. पण सुनिताबाई पुढे आल्या, मला आणि दुसऱ्याला उचललं आणि म्हणाल्या, "मी पहिले दोनच नेते. पोरांना सांगेन, पुढचं आणलं नाही." धाकटा सतरंजीवरच राहिला. मला वाईट वाटलं नाही. थोडंसुद्धा नाही.

साक्रीकडच्या त्या शाळेत मला पहिल्यांदा उघडलं रुपलीने. सातवीतली पोरगी, वाचताना पुटपुटते. ती माझ्या शेवटच्या पानावर रडली, दुसऱ्याच्या शेवटी तर खवळलीच. "बाई, पुढलं कोठे शे?"

"पुढचं चांगलं नाही, रुपली. म्हणून आणलं नाही."

"वाईट शे का चांगलं, ते माले वाचीसन ठरवू द्या ना!"

मग सुनिताबाईंनी एरंडोलला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात धाकटा आला, सोनेरी अक्षरांसकट, अगदी माझ्या बगलेत. मी तोंड फिरवलं असतं, पण पुस्तकाला नुसती पाठ असते, तोंड नसतं.

रुपलीने तो वाचला आणि वर्गात उभी राहून शिव्याच घातल्या. मग तिच्या वर्गातल्या बादलला तो वाचायला हवा झाला, कारण त्याला रुपलीपेक्षा जास्त शिव्या घालायच्या होत्या. मग खाज्याला. आता मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली रोज भांडण पेटतं, मणी का पडला आणि नावाड्याला आणायला कोण जाणार यावरून. धाकट्याच्या समासात पेन्सिलीने 'खोटं', 'हे नही', 'कौतिक कुठे?' असं भरलं आहे. त्याची सोनेरी अक्षरं बोटांनी पुसली गेली.

मित्रांनो, पुस्तकं जपा, कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो. तुम्हाला वाईट शेवट देणाऱ्याला सोडू नका. मोठा माणूस आहे, पाहुणा आहे, म्हणून गोड मानून घेऊ नका. त्याचं पुस्तक पूर्ण वाचा आणि मग भांडा.

मी धाकट्याला माफ केलेलं नाही. तो वाईटच आहे, आणि आमच्या तिघांत सर्वांत मळलेला आज तोच आहे. पण या शाळेत एक नियम पडला आहे. सुरुवात ठाऊक नसलेल्याला भांडणात बोलू देत नाहीत. म्हणून ज्याला ज्याला धाकट्याला शिव्या घालायच्या असतात, तो आधी येऊन मला उघडतो.