ओलं टाकलं, कोरडं काढलं

दर रविवारी दुपारी आमच्या घरी माणसं धुणं बघायला येतात, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या भावजयीने काळजीने विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना. माझी तब्येत ठणठणीत होती. माणसं खरंच येत होती, आणि त्यांचा चहा मला करावा लागत होता.

दवनीवाड्याला आमचं घर. मी रुक्माबाई, अंगणवाडीत सेविका होते. माझे यजमान देवाजी तहसील कचेरीतून निवृत्त झाले. निवृत्त माणसाने विहारात जावं, पेपर वाचावा, नातवाशी फोनवर बोलावं. आमचे हे एकदा डाळ-तेल आणायला गोंदियाला गेले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक मशीन घालून परत आले. डाळ विसरले. एका राइस मिलवाल्या शेठचा जुना बंगला रिकामा होत होता, आणि शेठने कोणे एके काळी विलायतेहून आणलेली ही वस्तू भंगारात निघाली होती. चार माणसांनी ती उतरवून घरापुढच्या छपरीत ठेवली, जिथे माझा दिवाण होता. दिवाण तेव्हापासून मागच्या खोलीत भिंतीला उभा आहे.

मशीनला समोर गोल काच आहे. तिची खुबी अशी की ज्या डब्यात कपडे धुतले जातात, त्याच डब्यात ते गरम हवेने वाळतात. भिजवलेलं ओलं टाकायचं, कोरडं काढायचं, मध्ये कोणी हात लावायचा नाही. अशा मशिनी आता नव्याही मिळतात. पुण्याला आमच्या मुलाकडे, राजदीपकडे आहे एक. पण तसं म्हटलं की हे माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या आईला नावं ठेवली. नव्या मशिनीला म्हणे जीव नसतो.

सगळा उन्हाळा तिचं पोट उघडं होतं आणि माझी छपरी नटबोल्टांनी भरलेली होती. शेवटी ती चालू झाली. यांनी तिचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला, आणि मग कळलं की असे वेडे जगात पुष्कळ आहेत. नागपूरला आहेत, हैदराबादला आहेत, साता समुद्रापलीकडे तर त्यांचे मेळावेच भरतात. मला वाटत होतं हा ताप एकट्या माझ्या नशिबी आलाय.

जवळपासच्या दोघांना हे वेड लगेच लागलं. एक चुन्नीलाल, त्याचा कोहमाऱ्याला ढाबा आहे. दुसरे उदाराम गुरुजी, आयुष्यभर पोरांना गप्प बसवलं आणि आता स्वतः बडबडायला मोकळे झाले. रविवारी जेवण झालं की तिघं काचेसमोर खुर्च्या मांडत. मशीन आधी धुणार, मग खळबळणार, मग पिळणार आणि मग तास-दीड तास वाळवणार. तेवढा वेळ तिघं हलत नसत. डबा एका बाजूने फिरता फिरता थांबला की चुन्नीलाल श्वास रोखून सांगे, अब उलटी घूमेगी. ती उलटी फिरे, आणि तिघांना लॉटरी लागल्याचा आनंद होई. गुरुजी तर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत, आता पाणी सोडून राहिली, आता फेस मोडला.

मला राग यायचा, आणि तो उगाच नव्हता. माहेरी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठावर, इथे बोअरजवळच्या दगडावर, जन्मभर मी धुणं धुतलं. राजदीपची दुपटी, याच साहेबांचे शाईने माखलेले शर्ट, सासूबाईंचं अंथरूण. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने खुर्ची टाकून ते बघितलं नाही. चुन्नीलालने सोडा, ज्यांचे शर्ट होते त्यांनीही नाही.

धानाची कापणी उरकली आणि नागपूरहून शालीकरामजी आले. या वेड्यांमधलं मोठं नाव. घरात माणसांपेक्षा मशिनी जास्त, असं मी ऐकून होते. सोबत रिकामा टेम्पो घेऊन आले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे. त्यांनी आल्या आल्या चपला काढल्या, मशीनला एक चक्कर मारली आणि तिच्या माथ्यावर हात ठेवला. मग सांगितलं ते असं. अगदी अशीच मशीन त्यांच्याकडे आहे, पण मोटर जळलेली. या जातीचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. दोन्ही मिळून एक चांगली, पुढे वर्षानुवर्षं चालणारी होईल. प्रश्न एवढाच की कोणाची कोणाकडे जायची.

दोघेही हट्टी. शेवटी गुरुजींनी अट घालायला लावली. शालीकरामजी म्हणाले, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर एक धुणं लावायचं. ओलं टाकायचं, कोरडं काढायचं, मध्ये काम थांबता कामा नये. जमलं तर त्यांची मशीन दवनीवाड्याला येईल. नाही जमलं तर ही आजच टेम्पोत चढेल.

आमच्या यांनी हात पुढे केला आणि अट मान्य झाली. मी मनात टेम्पोच्या बाजूने होते. टेम्पोवाल्याच्या चहात मी दोन चमचे साखर जास्त घातली.

कपडे शालीकरामजींनीच निवडले. एक जाडजूड सोलापुरी चादर, कारण तीच वाळायला खरी कठीण. यांचे दोन शर्ट. आणि पौर्णिमेला विहारात नेसायची माझी पांढरी साडी, कारण पांढऱ्यावर खोट लपत नाही. सगळं त्यांनीच भिजवून आत टाकलं. खुर्च्या मांडल्या गेल्या. मशीन सुरू झाली, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवात तिने झकास केली. फेस काचेला टेकला, चादर धपाधप आपटू लागली, शालीकरामजी लहान मुलासारखे पुढे सरकून बसले. डबा उलटा फिरला तसा चुन्नीलालने मांडीवर थाप मारली.

साबणाचं पाणी सुटून गेलं, कपडे खळबळायची वेळ आली आणि आतून फट्कन आवाज झाला. जळक्या रबराचा वास सुटला. पट्टा तुटला होता. डबा थांबला आणि माझी साडी साबणासकट काचेला चिकटून राहिली.

यांचं तोंड मी बघितलं. असं तोंड मी एकदाच बघितलं होतं, राजदीप पहिल्यांदा पुण्याच्या गाडीत बसला तेव्हा. मला हवं होतं तेच घडलं होतं, आणि मला मुळीच आनंद झाला नाही.

पण साबण अंगावर वाळला की साडी कामातून जाते. पुरुष मंडळी शोकात होती, साडी माझी होती. मी झाकण उघडलं, सगळं घमेल्यात ओढलं आणि अंगणात दगडापाशी नेलं. पदर खोचला, बोअर सुरू केली. साडी दोन पाण्यांतून काढली, शर्टांच्या कॉलरी घासल्या, चादर घेऊन आपटायला लागले. आपटायची, पालटायची, पुन्हा आपटायची. कामाच्या तंद्रीत होते, तोच मागून गुरुजींचा हळू आवाज आला.

"आता उलटी करंल, पाहा."

वळून बघते तर चारही खुर्च्या माझ्याकडे तोंड करून मांडलेल्या. चौघं ओळीने बसलेले. मी जाम भडकले. विचारलं, "कायले पाहून राहिले? मी का सर्कस हावो?"

शालीकरामजींनी हात जोडले. "थांबू नका, वहिनी. आमी ऐकून राहिलो."

ते थट्टा करत नव्हते. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण का कोण जाणे, हात आणखी जोरात चालायला लागला.

चादर पिळायची वेळ आली. एकटीने ती पिळता येत नाही, म्हणून मी नेहमी तिचं एक टोक खांबाला अडकवते. मी खांबाकडे निघाले, तेवढ्यात आमचे हे खुर्चीतून उठले, पँट वर दुमडली आणि दुसरं टोक हातात घेतलं. मी ज्या अंगाने पीळ देत होते त्याच अंगाने तेही फिरवायला लागले, आणि चादर नुसती गरगरली. चुन्नीलालने सांगितलं, उल्टा घुमाव. मग पीळ बसला आणि पाण्याची धार लागली. यांच्या कपाळावर घाम आला.

"एवढी जड रायते काय हे?" त्यांनी विचारलं.

"लगन झालं तवापासून एवढीच हाय," मी म्हटलं.

चादर तारेवर त्यांनीच टाकली, सुरकुत्याही त्यांनीच झटकल्या. मग सगळे भात आणि पोपटीच्या शेंगांची भाजी जेवले. कापणीनंतरचं ऊन कडक असतं, तरी चादरीने चार वाजवले.

चारनंतर शालीकरामजींनी टेम्पो मागे घेतला. मशीन बांधायला दोर लागणार होता. तो आणायला हेच आत गेले आणि दोर हातात घेऊन छपरीत मशीनपाशी उभे राहिले. ते मला बघवलं नाही. महिनोन्महिने त्या काचेकडे बघून बघून हा माणूस धुणं बघायला शिकला होता, आणि आज त्याला मी दिसले होते. जिने हे शिकवलं तिला घराबाहेर काढायचं, एवढी कृतघ्न मी नाही.

मी तारेवरची चादर ओढली आणि शालीकरामजींच्या हातात दिली. विचारलं, अट काय होती. त्यांनी सांगितली, ओलं टाकायचं, कोरडं काढायचं, मध्ये काम थांबायचं नाही.

"ओलं तुमीच टाकलं. हे कोरडं हाय. काम थांबलं काय?"

मशीन तर थांबली, असं ते म्हणाले. मी म्हटलं, अटीत मशीनचं नावच नव्हतं. गुरुजींनी मान डोलावून मला पूर्ण गुण दिले. शालीकरामजींनी चादर गालाला लावली, तिचा वास घेतला, दोर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं आणि हसले. "नाई थांबलं," ते म्हणाले.

टेम्पो रिकामा गेला आणि पुढच्या आठवड्यात भरून आला. आता छपरीत दोन मशिनी आहेत आणि दिवाणाची आशा मी सोडली आहे. शालीकरामजींच्या मशिनीचा पट्टा आमचीला बसला. रविवारची मंडळी पूर्वीसारखीच येतात, फक्त आता माझी एक अट आहे. येताना प्रत्येकाने आपला एक मळका शर्ट आणायचा आणि मशीन बघण्याआधी तो दगडावर आपल्या हाताने धुवायचा. चहा आमचे हे करतात.

मी खुर्ची टाकून बसते. गुरुजींचा हात हलका आहे, चुन्नीलाल साबणाची नासाडी करतो आणि आमचे हे अजूनही कॉलर विसरतात. दुसऱ्याचं धुणं बघत बसण्यात एवढं काय सुख आहे, असं मी इतके दिवस विचारत होते. फार सुख आहे हो.