नऊ नंबरला हात लावू नका

माणूस तोंडाने काहीही सांगो, त्याचा की-बोर्ड खरं बोलतो. सव्वीस वर्षं मी या कंपनीचं स्टोअर सांभाळतो आहे. माउस, चार्जर, स्क्रीन, वायरी, जे मोडतं ते आधी माझ्या टेबलावर येतं, आणि कोणी काय मोडलं ते माझ्या रजिस्टरमध्ये चढतं. ज्याचं खोडायचं बटण झिजलेलं, तो भित्रा. ज्याचं एंटर तुटलेलं, तो तापट. आमच्या साहेबांच्या की-बोर्डवर एकही बटण झिजलेलं नाही. त्यावरून काय समजायचं ते ज्याचं त्याने समजावं.

चाळणीचा की-बोर्ड मात्र मला कधी वाचता आला नाही. सगळी बटणं सारखी झिजलेली.

चाळणी म्हणजे आमची टेस्टर. हे नाव प्रोग्रामर मंडळींनी ठेवलं, रागाने ठेवलं, आणि तिला ते आवडलं, त्यामुळे मंडळींची पंचाईत झाली. त्यांनी वेबसाइट बनवायची आणि हिने ती लोकांच्या हाती पडण्याआधी खडे काढायचे, असं तिचं काम. तेच पान एका ब्राउझरमध्ये नवरीसारखं नटलेलं दिसतं, दुसऱ्यात त्याचं बटण गायब होतं, तिसऱ्यात अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसतात. म्हणून ती प्रत्येक पान नऊ मशीनवर उघडून बघायची. नऊच्या नऊ माझ्या भंगारातून उचललेली. एकाचं बिजागर तुटलेलं, ते जाड पुस्तकाला टेकून उभं. एकाचा पंखा जात्यासारखा घरघरणारा. नववं सगळ्यांत जुनं. त्याच्या स्क्रीनचा खालचा उजवा कोपरा शाई सांडल्यासारखा काळा पडलेला. त्याला मी म्हातारा म्हणायचो.

आणि तिचा नियम काय, तर यांतलं एकही दुरुस्त करायचं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, डॉक्टरीणबाई पेशंटला औषध देऊ नका म्हणतायत. ती म्हणाली, लोकांच्या घरी अशीच असतात, काका.

काही ना काही निमित्त काढून मी सकाळी तिच्या खोलीत डोकावायचो. नऊ मशीन सुरू करून ती रांगेवरून एक फेरी मारायची, प्रत्येकाच्या पाठीवर तळहात ठेवत, ताप बघितल्यासारखी. एकदा अशीच जाता जाता, मागे वळूनही न बघता म्हणाली, चौथ्याची डिस्क जाणार. मी कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. तारीख लिहून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी चौथ्याची डिस्क गेली. त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं केलं तरी मनातून जरा उभा राहूनच बोलायचो.

तर गोष्ट हॉस्पिटलच्या वेबसाइटची. डायलिसिसच्या पेशंटनी दुसऱ्या दिवसाची वेळ घरबसल्या नोंदवायची, अशी साइट. नोंदणी रोज सकाळी नऊला उघडणार आणि जागा इतक्या कमी की वीस मिनिटांत संपणार. शुक्रवारी ती लोकांसाठी खुली व्हायची होती. बनवली होती आमच्या जावईबापूंनी. जावईबापू म्हणजे प्रोग्रामर. दर वर्षी नवं मशीन मागतो, मिळतं, आणि तरी तोंड फुगलेलंच, म्हणून हे नाव. वाईट नाही पोरगा. हुशार आहे, आणि ते त्याला कोणी सांगावं लागत नाही.

सोमवारी नऊ वाजता आठ मशीनवर नोंदणीचं बटण आलं. म्हाताऱ्यावर ओळ आली: 'नोंदणी अजून सुरू झालेली नाही.' चाळणीने जावईबापूला बोलावलं. तो आपल्या सवडीने पावणेदहाला उगवला, तोवर म्हाताऱ्यावरही बटण आलेलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. दर वेळी ती दाखवायला जायची आणि म्हातारा शहाण्यासारखा वागायचा.

"तुझ्या म्हाताऱ्याला सकाळी उठायला वेळ लागतो," जावईबापू म्हणाला. "माझ्या आजोबांनाही लागतो. म्हणून काय आजोबा बदलू?"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण तिने कागदावर सही केली नाही, आणि तिच्या सहीशिवाय साइट बाहेर जात नसे. प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी मधला मार्ग काढला, म्हणजे सगळं ओझं एकीच्याच डोक्यावर ठेवलं. गुरुवारी सकाळी नऊला हॉस्पिटलच्या सिस्टर येणार होत्या. त्यांच्यासमोर खोट दाखव. नाही दिसली तर तिथेच सही कर, आणि ही भंगाराची रांग उद्याच्या उद्या हलव. मला हुकूम आला, नऊही मशीनची यादी करून ठेवा.

इथे माझा पराक्रम येतो.

बुधवारी संध्याकाळी पाचला यादी करायला मी तिच्या खोलीत गेलो. ती दुपारीच सगळी मशीन बंद करून निघून गेली होती. म्हातारा सुरू केला तर स्क्रीनवर काही येण्याआधीच दोनदा टिट-टिट झालं. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. मशीनच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो, तो मरायला टेकला की असं होतं. मला वाटलं, बिचारी तीन दिवस भांडतेय आणि उद्या ऐन वेळी हा म्हातारा उठलाच नाही तर हसं होईल. शिवाय आपल्या हातून जाणारी वस्तू धड असावी, ही माझी खोड. बुडाचं झाकण उघडलं, सेल बदलला, जुना सेल पाकिटात घालून वर मशीनचा नंबर आणि तारीख टाकली, रजिस्टरमध्ये ओळ लिहिली आणि एका चांगल्या कामाच्या समाधानात घरी गेलो. बायकोने विचारलंही, आज एवढे खुशीत का.

गुरुवारी नऊला खोलीत आम्ही पाच जण. साहेब खिडकीशी, जावईबापू स्वतःचं कोरं मशीन काखेत मारून, चाळणी रांगेसमोर, मी दाराशी, आणि खुर्चीत हॉस्पिटलच्या सिस्टर, पन्नाशीच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. बरोबर नऊला नऊ मशीनवर नऊ बटणं आली. म्हाताऱ्यावर सगळ्यांत आधी.

जावईबापूने नुसतं साहेबांकडे बघितलं, ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबणारं होतं. साहेबांनी खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं.

तिने पेन घेतलं नाही. तिने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग खाली वाकून तिने त्याच्या बुडाचे स्क्रू बघितले. एका स्क्रूच्या खाचेतली धूळ गेली होती. मी सव्वीस वर्षं स्क्रू फिरवतो, पण धुळीची साक्ष काढणारी मी तेव्हाच पाहिली.

"काका," ती म्हणाली, "याच्या पोटात हात घातलात?"

चोराच्या मनात चांदणं. मी सगळं सांगितलं: टिट-टिट, सेल, पाकीट. साहेबांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता ही माझ्यावर भडकणार, आणि भडकली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या नऊ मशीनचा घास माझ्या चांगुलपणाने घेतला होता.

पण ती भडकली नाही. पाखरू उडून जाईल म्हणून कोणी हळू बोलावं, तसं तिने विचारलं.

"सेल बदलला. आणखी काय केलंत?"

"काही नाही. घड्याळ लावलं."

"का लावलं?"

"मागे होतं."

"किती?"

आता हे कोणाला आठवणार? पण मी स्टोअरवाला. धावत जाऊन रजिस्टर आणलं आणि ओळ वाचून दाखवली: नऊ नंबर, सेल बदलला, सेल काढण्याआधी सेटिंगच्या पानावर घड्याळ बत्तीस मिनिटं मागे, माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे लावून दिले.

तिचा चेहरा मी बघितला. आमच्या धाकट्या बहिणीने लहानपणी पहिल्यांदा वाचता आल्यावर दुकानाच्या पाटीकडे बघितलं होतं, तसा. तिने स्क्रीनच्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. घड्याळ तिथेच असतं, त्या शाईखाली. तीन दिवस खोट तिच्या नाकासमोर होती आणि बरोब्बर तेवढीच जागा आंधळी होती. म्हातारा रात्रभर बंद राहायचा, सेल थकलेला, घड्याळ मागे पडायचं. सकाळी तासाभराने इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायचा आणि जावईबापू येईपर्यंत शहाणा व्हायचा.

"बरं, म्हणजे घड्याळ बिघडलेलं होतं," साहेब म्हणाले. "मशीनचीच खोट. साइटची नाही."

"तुझं मशीन दे जरा," ती जावईबापूला म्हणाली.

ते कोरं मशीन तिने सिस्टरांसमोर ठेवलं. नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती, नोंदणीचं बटण हिरवं हसत होतं. तिने त्याचं घड्याळ बत्तीस मिनिटं मागे नेलं, पान पुन्हा उघडलं. बटण गेलं. कोऱ्या, महागड्या, निर्दोष स्क्रीनवर ओळ आली: 'नोंदणी अजून सुरू झालेली नाही.'



जावईबापूच्या ध्यानात सगळ्यांआधी आलं. हुशार आहे म्हटलं ना. नऊ वाजले की नाही हे साइटने हॉस्पिटलच्या मशीनला विचारायचं, तर त्याने ते पेशंटच्या मशीनला विचारलं होतं. ज्याच्या घरचं घड्याळ मागे, त्याचे नऊ वाजेपर्यंत जागा संपलेल्या.

सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. "आमची माणसं तक्रार नाही करत हो. वाचतील, सुरू नाही म्हणतायत, आणि बसून राहतील. मग नंबर लागला नाही म्हणतील. दोन वेळा नंबर चुकला की त्यांना आणायला अँब्युलन्स पाठवावी लागते."

त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि उठून म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, चाळणी ठेवायची तसाच. कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांचं पेन कधी खिशात परत गेलं ते मी बघितलं नाही, आणि साहेबांकडे न बघण्याची माझी ही पहिलीच वेळ.

साइट शुक्रवारी गेली नाही, सोमवारी गेली. रांग हलवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. जावईबापूने शनिवारी पहाटेच येऊन दुरुस्ती केली आणि चाळणीला विचारलं, आता कशी तपासणार? ती माझ्याकडे बघून हसली. मी ओळखलं. ड्रॉवरमधून पाकीट काढलं, नवा सेल काढून मरायला टेकलेला जुना सेल पुन्हा म्हाताऱ्याच्या पोटात घातला आणि घड्याळ मुद्दाम बत्तीस मिनिटं मागे लावलं. धडधाकट वस्तू हाताने बिघडवायची माझी आयुष्यातली पहिली खेप. बरोबर नऊला पान उघडलं, हिरवं बटण आलं, मागे पडलेल्या घड्याळावरही.

तिने सही केली. मी रजिस्टर उघडून नऊ नंबरपुढे लिहिलं: चालू. घड्याळ मागे. तसेच ठेवावे, हात लावू नये.

ती खांद्यावरून वाचत होती. मग तिने माझं मनगट धरून वर केलं, जावईबापूच्या स्क्रीनवरची वेळ बघितली, पुन्हा माझं घड्याळ बघितलं.

"काका, तुमचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे. म्हणजे म्हातारा एकोणतीसच मिनिटं मागे होता."

सव्वीस वर्षांत माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड झालेली नव्हती. मी बत्तीसवर एक आडवी रेघ मारली, वर एकोणतीस लिहिलं, आणि बाजूला तिची सही घेतली.