कनीजबाईंची रिकामी बराक

कनीजबाईंच्या नोकरीला एकच धोका होता. बायका गुन्हे करत नव्हत्या.

मूल नावाच्या गावाच्या पुढे, एका तालुक्याच्या गावी एक छोटा तुरुंग होता. पुरुषांची बराक कायम भरलेली. सागवान तोडलेले, दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडलेले, बांधावरून भावाच्याच अंगावर धावून गेलेले, सगळे तिथे गुण्यागोविंदाने नांदायचे. शेजारच्या बायकांच्या बराकीत मात्र चिमण्याच. या चिमण्यांवर पहारा ठेवायचं काम कनीजबाईंचं.

नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे, मन्सूरकडे राहायला गेल्या. मन्सूर शिंपी होता. स्वभावाने गोड, बहिणीकडून फुकटात काजं-बटणं करून घेताना तर फारच गोड बोलायचा. मग ही नोकरी लागली आणि तुरुंगाच्या भिंतीला लागून एक खोलीही मिळाली. पहिल्या दिवशी कनीजबाई दार आतून लावून नुसत्या बसून राहिल्या. कोणी हाक मारली नाही, कोणी चहा मागितला नाही. इतकं सुख त्यांना लग्नाच्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं.

आणि आता नागपूरचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. बराक रिकामी दिसली की ती बंद, नोकरी बंद, खोली बंद, आणि बाई परत मन्सूरच्या काज-बटणांत.

"एखादी चोरी तं करा न वं कोनी," बाजारात वांगी विकणाऱ्या वच्छलाला त्या म्हणाल्या.

वच्छला हसली. "टाइम कुठी आहे बाई? सकारी पानी, मंग वावर, मंग सयपाक. रात्री जावं म्हनलं तं सासू दारातच खाट टाकते."

"म्हंजे मन तं आहे!"

"मन लय आहे. मागच्या साली सासूची पाटली इकली मी. घरच्यायनंच पकडलं न घरच्यायनंच झोडपलं. पोलिसाले कायले तरास?"

कनीजबाईंना वच्छलाची कीव आली. एक चांगली हक्काची कैदी हातची गेली, याची हळहळही वाटली. दोन्ही खरंच वाटलं, त्याला काय करणार?

तपासणी तोंडावर आली आणि मनकर्णा सापडली. दादाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरचं धान चोरीला गेलं होतं. पोलिसांनी गावातले झाडून सगळे गडी ठाण्यात आणून बसवले, दमदाटी केली. बायकांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. शेवटी दादाजीची सून मनकर्णा स्वतःच ठाण्यात गेली आणि म्हणाली, "त्या झिंगू गड्याले काऊन डांबून ठेवलं? धान मी नेलं." अहेरीला बहीण होती, कित्येक वर्षांत भेट नव्हती. मोटारीच्या भाड्यासाठी ती पदरात बांधून थोडं थोडं धान बाहेर काढत होती. ते रोवलं, कापलं, झोडपलंही तिनेच होतं. पण फिर्याद सासऱ्याने केली होती, आणि चोर घरचा निघाल्यावर ती कशी मागे घ्यायची हे त्यालाही कळेना.

कनीजबाईंनी तिला जावयासारखं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मनकर्णा उन्हं चांगली वर आल्यावर जागी झाली आणि धडपडून उठली.

"बाई, इथी उठवत नाई कोनी?"

"नाई."

"मंग मी राह्यते," ती म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी मनकर्णाचा नवरा सुकलू जामिनाचा कोर्टाचा हुकूम घेऊन दारात हजर. "सोडा तिले. रोवणी खोळंबली. बाकीचं मी घरी पाह्यतो," तो म्हणाला. म्हणताना हातातली काठी त्याने या हातातून त्या हातात घेतली. तोवर कनीजबाई आपल्या नोकरीचाच विचार करत होत्या. आता त्यांनी त्या काठीकडे नीट पाहिलं.

"आज नाई होत. उद्या मोठ्या साहेबाची तपासणी आहे, परवा ये," त्यांनी ठोकून दिलं. कागद ठेवून घेतला, खोलीत गेल्या आणि चुलीत घातला. त्याच जाळावर चहाही करून घेतला, याचं त्यांना मागून फार कौतुक वाटलं.

मोठ्या साहेबांनी कैदी पाहिली, मान हलवली. बराक वाचली. पण सुकलू परत आला तो आरडाओरड करत, आणि जेलरसाहेबांनी कनीजबाईंना बोलावून घेतलं.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोनी नाई. मीच जाळला."

"बाईमाणसाला हे सुचत नसतं. मन्सूर म्हणाला ना?"

"मन्सूर? त्याले सुईत दोरा ओवाले मी लागते!"

जेलरसाहेब दयाळू होते, हीच तर पंचाईत. त्यांनी नवा हुकूम मागवून मनकर्णाला नवऱ्यासोबत पाठवलं. ती वळून वळून बराकीकडे बघत गेली. मग साहेबांनी मन्सूरला बोलावून, बहिणीकडे लक्ष नाही म्हणून त्यालाच चांगलं खडसावलं. खटला नाही, शिक्षा नाही; फक्त त्याने बहिणीची नोकरी सोडवून तिला घरी न्यायचं.

"असं कसं साहेब?" कनीजबाई ओरडल्या. "गुन्हा कबूल आहे मले. कोठडीत टाका. सहा महिने टाका!"

"काहीतरीच काय? घरंदाज बाई तुम्ही," साहेब ओशाळून म्हणाले. "मन्सूर, इथे सही कर. जबाबदार पुरुषाची लागते."

"मी करते न सही. लिहाले येते मले."

"तुमची चालत नाही, बाई."

मन्सूरला कनीजबाईंनीच कडेवर घेऊन मोठं केलं होतं. त्याने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर गिरवत सही केली आणि बहिणीची पेटी उचलली. "चल आपा," तो गोड आवाजात म्हणाला.

फाटकाबाहेर येताच कनीजबाई भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्याने रडू लागल्या. येणारे-जाणारे थांबले. त्यांना वाटलं, बिचारी आत्ताच सुटून आली, आनंदाने रडते आहे.