पाहुण्याचं ताट आधी

नडियादच्या जसुबांचा रोजचा नेम होता: दिवंगत पतीच्या आवाजातलं भजन ऐकायचं, मगच तोंडात घास घालायचा. काल कॅसेट तुटली. तेच भजन सीडीवर होतं, पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला सीडीची सोयच नव्हती. म्हणून सून केतकीने कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह माहेराहून आणला.

तिने वायर घट्ट बसवली, आधी कॉम्प्युटर चालू केला, मग ड्राइव्ह. कॉम्प्युटरने ओळखच दाखवली नाही.

"बा, दुपार कलली. निदान दूध तरी घ्या."

"आधी कॉम्प्युटर का लावतेस गं?"

"तो घरातला वडीलधारा. तुम्हीच म्हणता ना, मोठ्यांचं ताट आधी!"

"अगं वेडे, पाहुणा आला की मोठेही थांबतात. त्याला आधी बसव."

केतकीला हसू आलं. तरी तिने दोन्ही बंद करून आधी ड्राइव्ह लावला, मग कॉम्प्युटर. जागा होताना त्याने शेजारी बसलेल्याला पाहिलं असावं; पडद्यावर ड्राइव्हचं चित्र उमटलं. केतकीने सीडी आत सरकवली.

आधी ओळखीचा खोकला ऐकू आला, मग सूर. जसुबांनी पदर डोक्यावर घेतला. भजन संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "वाढ आता, दोघींचं. तूही सकाळपासून उपाशी आहेस, मला कळत नाही होय?"