खालची ओळ

सकाळचं ऊन त्या खोलीत एकदम येत नसे. आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची कड उजळे. मग तिच्यावरून परतलेला, कुणी वापरून परत केल्यासारखा फिकट उजेड खिडकीच्या गजांतून आत डोकावे आणि छताच्या कोपऱ्यात थोडा वेळ नुसता थरथरत राही. खरं ऊन त्यानंतर. ते चौकटीवरून खाली उतरे आणि भिंतीवरच्या खिळ्यापाशी घुटमळे. खिळ्यावरचं कॅलेंडर कधीच काढलेलं होतं. उरलेल्या खिळ्याची बोटभर सावली तिरकी पाडून ऊन पुढे सरके. मग टेबल. कपांच्या बुडांनी उमटवलेली, एकमेकांत अडकलेली वर्तुळं ऊन आडवं पडलं की तेवढ्यापुरती दिसत. मग कीबोर्ड, ज्याच्या कितीतरी कळांवरची अक्षरं बोटांनी पुसून नेली होती. आणि सर्वांत शेवटी खुर्ची. तिच्या पाठीचं झिजलेलं कापड उन्हात असं चमके, की कुणी नुकतंच टेकून उठलं असावं.

गोगल हे रोज पाही. पण त्या खुर्चीत तो बसत नसे. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून तिच्या शेजारी ठेवी आणि तिरका बसून, मान वाकडी करून काम करी. गोगल हे नाव दादाने ठेवलेलं. दाराची घंटा वाजली, की हा कवचात शिरणाऱ्या गोगलगायीसारखा आतल्या खोलीत नाहीसा होई, म्हणून.

खोली दादाची होती. आणि ज्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या साध्या प्रोग्राममध्ये, गोगल दिवसभर यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासत बसे, तोही दादानेच त्याच्या हाती दिलेला. त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती, नुसती अक्षरं. दादाने त्याच एडिटरच्या पोटात स्वतः लिहिलेला मेलचा प्रोग्राम बसवला होता. पत्र यायचं ते अक्षरांत, वाचायचं ते अक्षरांत, आणि स्क्रीनच्या तळाशी जी एक ओळ सूचनांसाठी राखलेली असते, त्या ओळीत दादा स्वतःच्या जिभेने बोलत असे. विषय न लिहिता पत्र पाठवू गेलं, की खालची ओळ म्हणे, "डोक्यावर पागोटं नाही, निघाले लग्नाला." 'सोबत जोडलं आहे' असं लिहून काहीच जोडलं नाही, की म्हणे, "जोडलंय कुठे, शहाण्या?" आणि प्रोग्राम बंद केला, की एकच शब्द उमटे: "येतो."

कारण घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं. दुरुस्तीला टाकलेला चष्मा आणायला दादा उठला, तेव्हाही दारातून तेच म्हणाला होता. "येतो रे, गोगल." चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर तो बसला, तो बसलाच; पुन्हा उठला नाही. चष्मा दुसऱ्या दिवशी दुकानदाराने घरी आणून दिला. तो खणात होता.

या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. गोगल व्याकरणात पक्का. लोकांच्या पुस्तिकांतली काळाची चूक त्याला पानाच्या टोकावरून दिसे. दादाबद्दल बोलताना मात्र त्याचं क्रियापद वर्तमानकाळातून तसूभर हलत नसे. "दादा असं करत नाही." "दादाला हे आवडत नाही." आई ऐके आणि हातातल्या कामाकडे पाही.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. त्या सकाळी ती चहाचे दोन कप घेऊन आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्चीत तीही बसली नाही.

"भावजी, दर्शन द्याल का जरा?"

ती थट्टेत असली की 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणे. मनातलं बोलायचं असलं की 'तू'वर येई.

"बोल ना."

"ह्यांची पेटी भरलीये. मेलची. जागा वाढवा नाहीतर बंद करा, असं कळवलंय मेलवाल्यांनी. मी बंद करणार आहे." तिने कप त्याच्यापुढे ठेवला, एका जुन्या वर्तुळावर. "त्याआधी ठेवण्यासारखं काय असेल ते काढून दे. पत्रं, फोटो. मला त्यातलं कळत नाही."

"देतो. आधी प्रोग्राम नीट होऊ दे. पत्रांचे धागे जुळत नाहीयेत, अर्धवट हाती येईल सगळं."

"वर्षभर तेच ऐकतेय. तुमची दुरुस्ती म्हणजे मारुतीचं शेपूट."

"दादाचं काम आहे, वहिनी. घाई केलेली त्याला आवडत नाही."

वहिनीने कपावरून त्याच्याकडे पाहिलं. थट्टा उतरली. "पेटी कशाने भरली, ठाऊक आहे तुला?"

गोगलने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तो दादाला पत्र लिहीत असे. कधी दोन ओळी, कधी पानभर. इथला कंस मी हलवला, चालेल ना? शोधताना प्रोग्राम मध्येच अडकतो, तू काय करतोस अशा वेळी? आईचा गुडघा बरा आहे. पत्र पाठवून तो खालच्या ओळीकडे पाहत बसे. दुसऱ्याचं पत्र उघडू नये म्हणून दादाच्या पेटीत तो कधी डोकावला नाही. ज्याची पत्रं त्याने उघडावीत. ज्याची पत्रं तो येईल, एवढाच त्याचा त्यामागचा विचार होता, आणि तो विचारही तो कधी पूर्ण करीत नसे.

"एकही उघडलं नाही मी," वहिनी म्हणाली. "पण यादी दिसते रे. संध्याकाळपर्यंत दे मला सगळं काढून." आणि ती गेली.

प्रोग्रामची खोड खोटी नव्हती. पाठवलेलं पत्र आणि त्याला आलेलं उत्तर दादाच्या प्रोग्रामला कधी एका धाग्यात ओवता आलं नव्हतं. आलेली एका खणात, गेलेली दुसऱ्यात. बरेच दिवस गोगल त्याच गाठीशी झटत होता, आणि आदल्या दिवशी ती सुटली होती; एवढं मात्र त्याने वहिनीला सांगितलं नव्हतं. दादाने एके ठिकाणी पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली होती. दोन शब्द, पण उलटे. गोगलने ते सुलटे केले. आता वहिनी गेल्यावर त्याने प्रथमच एक अख्खा धागा उघडून पाहिला. कार्यालयातल्या बाईंबरोबरचा. त्याचं पत्र, त्याखाली थोडं आत सरकून बाईंचं उत्तर, त्याच्याही आत पुन्हा त्याचं. बोलणं पायऱ्या उतरत आत आत जात होतं. छान दिसत होतं. दादा खूश होईल, असं त्याला वाटलं.

मग त्याने दादाचा धागा उघडला.

एकाखाली एक ओळी. सगळ्या त्याच्याच. पडद्याच्या डाव्या कडेला चिकटून, ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ; खाली जावं तितक्या खाली. एकही ओळ आत सरकलेली नव्हती.

त्याने तो धागा झटकन मिटला, चहाचा घोट घेतला, तो कोमट झाला होता, आणि नेहमीप्रमाणे नवं पत्र लिहायला घेतलं. 'दादा, धागे जुळले. तुझे दोन शब्द उलटे पडले होते, रागावू नकोस. वहिनी पेटी बंद करायचं म्हणते. तिला काय सांगू?' पाठवायची कळ दाबली.

खालची ओळ क्षणभर रिकामी राहिली. मग तिच्यात अक्षरं उमटली.

"गोगल, तिकडून काही येत नाहीये रे. पुरे आता. ऊठ."

हे वाक्य त्याने कधी पाहिलं नव्हतं. प्रोग्रामची दुसरी सारी वाक्यं त्याला पाठ होती. हे त्यांतलं नव्हतं. पण 'रे' दादाचा होता. 'पुरे आता'ही दादाचं, लहानपणी पोहून पोहून ओठ निळे पडले की काठावरून म्हणायचं तसं. ऊन एव्हाना खुर्चीपर्यंत आलं होतं. पाठीचं कापड चमकत होतं. तिकडे न पाहता, अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला, "दादा?"

पंखा फिरत होता. रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर सरकवलं.

त्याने पुन्हा एक पत्र लिहिलं. त्यात एकच शब्द होता: 'कुठे आहेस?' पाठवलं. खालच्या ओळीत तेच वाक्य. त्याने प्रोग्राम बंद केला. "येतो," ओळ म्हणाली. त्याचा हात कीबोर्डवरून आपोआप मागे आला.

"वहिनी!"

ती ओल्या हातांनी धावत आली. त्याने प्रोग्राम उघडून, पत्र पाठवून तिला ते वाक्य दाखवलं. ती वाकून वाचू लागली आणि वाचताना तिचा हात न कळत खुर्चीच्या पाठीवर टेकला. ओल्या बोटांचे ठसे कापडावर उमटले.

"ह्यांचंच बोलणं आहे," ती पुटपुटली.

"मग तो..."

"थांब." ती सरळ झाली. आणि तिला चक्क हसू आलं, डोळे भरलेले असतानाच. "अरे, ती ग्रंथालयातली! पुस्तकांना कव्हरं घालायची ती. तू तिला रोज एक पत्र पाठवायचास, आणि ती बया एकाचंही उत्तर देत नव्हती. आठवतं?"

गोगलच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. आठवत होतं.

"हे तेव्हा रोज जेवताना म्हणायचे, पोराला सांगायला हवं. मी म्हणायची, मग सांगा ना! तर म्हणे, तोंड उघडलं की तो कवचात जातो. एक दिवस मला म्हणाले, केली सोय. काय सोय केली ते काही बोलले नाहीत. बघ, असेल कुठेतरी तिथेच."

गोगलने दादाची फाइल उघडली आणि ते वाक्य शोधलं. पहिल्याच फटक्यात सापडलं, फाइलच्या अगदी तळाशी, जिथवर तो कधी गेलाच नव्हता. एकाच माणसाला लागोपाठ बरीच पत्रं गेली असतील आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर आलेलं नसेल, तर हे वाक्य दाखव, एवढंच तिथे लिहिलं होतं. त्याच्या डोक्यावर, प्रोग्राम जी वाचत नाही, फक्त माणूस वाचतो अशी दादाची टीप होती: 'गोगलसाठी. समोर बसून सांगायला मला जमायचं नाही.'

पण ते तेव्हा कधी उमटलंच नव्हतं. दादाचे दोन शब्द उलटे पडले होते. गेलेलं पत्र प्रोग्रामला आलेलं वाटे, आणि सगळ्यांना सगळ्यांची उत्तरं मिळताहेत असा त्याचा समज असे. वाक्य इतकी वर्षं दाराआड उभं होतं. काल गोगलने स्वतःच्या हाताने कडी काढली.

"म्हणजे दोघंही तसलेच," वहिनी म्हणाली. "एक बोलायला लाजणारा, दुसरा ऐकायला. आणि मी मधे." पदर डोळ्यांना लावून ती पुढे म्हणाली, "आता काय करतोस?"

कर्सर त्या अटीवर लुकलुकत होता. एक अक्षर बदललं असतं, तर वाक्य पुन्हा दाराआड गेलं असतं, आणि उद्या सकाळी स्टुलावर बसून पत्र लिहिता आलं असतं. दोन शब्द पुन्हा उलटे केले असते, तरी भागलं असतं. गोगलने कळीवर बोट ठेवलं. त्या कळीवरचं अक्षर पुसलेलं होतं, दादाच्या बोटाने.

त्याने बोट उचललं.

"फोटो आधी काढू," तो म्हणाला. "पत्रं नंतर. माझी नको ठेवायला. ती... दादा एकही वाचायचा नाही."

'वाचायचा' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या कानांना टोचला; क्रियापद वर्तमानकाळातून हललं होतं. वहिनीने तो ऐकला, आणि ऐकला नाही असं दाखवलं.

"बस नीट आधी," ती म्हणाली. "मान कायमची वाकडी होईल."

तो उठला. स्टूल बाजूला सरकवलं. खुर्चीचं कापड उन्हाने ऊबदार झालं होतं, आणि वहिनीच्या बोटांच्या ठशांपाशी थोडं ओलसर. तो तिच्यात मागे टेकून बसला आणि दोघांनी दुपारपर्यंत दादाची पेटी रिकामी केली. शेवटी वहिनीने पेटी बंद केली, आणि गोगलने प्रोग्राम बंद केला.

"येतो," खालच्या ओळीत उमटलं.

"हे राहू दे हं," वहिनी म्हणाली. "हे नको पुसूस."

"नाही पुसत," तो म्हणाला, आणि ती ओळ आपोआप विझेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला. दादा येणार नव्हता.